उतारावर लावलेली गाडी

गोंदिया जिल्ह्यात जुनी पिकअप रात्री कुठे उभी केली आहे, यावरून तिची प्रकृती ओळखता येते. घरासमोरच्या सपाट अंगणात कशीही वेडीवाकडी लावलेली असेल, तर बॅटरी ठणठणीत आहे आणि मालक निर्धास्त झोपला आहे. तोंड पूर्वेला करून, डोक्यावर झाड येणार नाही अशा बेताने लावली असेल, तर गार इंजिनाला ऊब देणारे हिटर प्लग गेले आहेत. सकाळचं ऊन बॉनेटवर पडल्याशिवाय ती उठायची नाही. आणि गावाबाहेर तलावाच्या पाळीवर, चाकाखाली दगड घालून उभी असेल, तर सेल्फची आशा सोडून द्यावी. हा सगळा धानाचा मुलूख. बांधीत पाणी उभं राहावं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जमीन सपाट करत आणलेली. गाडी ढकलायला उतार हवा असेल तर तो मालगुजारी तलावाच्या पाळीवरच सापडतो. ज्यांनी या पाळी घातल्या त्यांच्या डोक्यात शेताला पाणी देण्याखेरीज काही नव्हतं. डिझेल गाडीची सोय आपोआप झाली.

माझ्या भाऊजींची पिकअप सध्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराच्या मधे कुठेतरी आहे. आमगाव तालुक्यातलं गाव, २००६ सालची डिझेल गाडी, दुसऱ्या हाताने घेतलेली, पाटीवर एमएच ३५. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत रस्त्यावर आलेल्या गाड्यांपैकी ही एक. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही. मागचा डाला नवा बांधून झाला, दारं एका भंगारातल्या गाडीची आहेत, सीट गोंदियात शिवून घेतली आहे. आता तिच्यात कंपनीचं किती उरलं आणि मिस्त्र्यांचं किती भरलं, याचा हिशेब कोणी लावू नये.

ती वर्षभर काय करते ते आधी पाहिलं पाहिजे, नाहीतर ती अजून का चालते हे कळत नाही. दिवाळीच्या आगेमागे हलका धान कापून-चुरून होतो. मग पणन महासंघाच्या किंवा आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदी केंद्रावर नंबर लागतो. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. माल चाळीस किलोच्या कट्ट्यांत भरायचा; तीस कट्टे घातले की बारा क्विंटल झाले, आणि गाडीने तिथेच थांबावं अशी अपेक्षा असते. कोणी थांबत नाही, तो भाग पुढे येईल. धान संपला की भाजी: रात्री दोन-तीनला निघून उजाडायच्या आत गोंदियाच्या बाजारात पोचवायची. अधूनमधून मच्छीमार संस्थांच्या तलावांतली मासोळी, बर्फाच्या पेट्यांसकट. मे महिन्यात तेंदूपत्त्याची पोती. लग्नसराईत मंडपाचं सामान, आणि सामान उतरवल्यावर त्याच डाल्यात वऱ्हाडी मंडळी, जे नियमात बसत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं.

यातलं एकही काम महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पैसे देत नाही. धानाचा चुकारा कधी येईल ते खरेदी केंद्रालाही सांगता येत नाही. भाजीवाला रोज देतो पण थोडे देतो. मंडपवाला सीझन संपल्यावर एकदम हिशेब करतो. नवी पिकअप आठ-दहा लाखांच्या घरात जाते, आणि तिचा हप्ता मात्र पाच तारखेला म्हणजे पाच तारखेला. मी एकदा विचारलं, की इतका त्रास आहे तर नवी का घेत नाही. भाऊजी म्हणाले, “बँकेच्या हप्त्याले तारीख असते जी. हिच्या बिघाडाले मी म्हनू शकतो, थांब, धान विकू दे, मंग पाहू.” जुनी गाडी चालवणं हा कंजूषपणा किंवा जुन्याचा लळा आहे असं शहरातून वाटतं. मला तो रोकड कशी येते त्याला धरून केलेला साधा व्यवहार वाटतो. तुकड्यातुकड्याने कमावणाऱ्या माणसाला तुकड्यातुकड्याने दुरुस्त होणारी गाडी लागते. नवीन गाडी बिघडली तर सबंध बिघडते. ही चार आण्यांनी बिघडते आणि चार आण्यांनी सुधारते.

या व्यवहारात एकच सावकार आहे जो मुदत देत नाही. तो म्हणजे जानेवारी.

विदर्भ म्हटला की बाहेरच्या माणसाला मे महिना आठवतो. पण समुद्रापासून इतक्या आत, उत्तरेला मध्य प्रदेशातून उतरणाऱ्या थंड वाऱ्याच्या वाटेवर, जंगल, तलाव आणि ओल्या बांध्यांनी भरलेला हा जिल्हा. आकाश निरभ्र असलं की रात्री सगळी ऊब उडून जाते. विदर्भातलं सर्वांत कमी तापमान म्हणून हिवाळ्यात वर्तमानपत्रांत गोंदियाचं नाव वारंवार येतं. सात-आठ अंशांची सकाळ इथे नवलाची नाही. नागपूरने २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंश पाहिले आहेत. काश्मीरच्या मानाने हे काहीच नाही, हे खरं. पण उन्हाळ्यात ४५ अंश सोसणाऱ्या गाडीला तेवढंच पुरतं.

थंडी काही नवं मोडत नाही. वर्षभर ‘पाहू’ म्हणून पुढे ढकललेलं ती एका सकाळी एकदम मागते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती भयंकर तापावी, आणि त्यात डिझेलचा फवारा मारला की तो स्वतःच पेटावा, एवढ्यावर सारा खेळ. आता हवा मुळातच गार, सिलिंडरची भिंत गार, ती दाबलेल्या हवेची ऊब शोषून घेते. ऑइल घट्ट झालेलं, म्हणून इंजिन फिरायला जड. गारठ्यात बॅटरीचा जोर कमी, म्हणून सेल्फ हळू फिरतो. सेल्फ हळू फिरला की झिजलेल्या रिंगांमधून दाबलेली हवा निसटायला सवड मिळते. यांपैकी कोणतीही एक गोष्ट एकटी असली तर गाडी चालू होते. सगळ्या एकदम जमल्या की होत नाही. झिजेचे दोष ऑक्टोबरातही होतेच, पण ऊब त्यांना पांघरूण घालत होती.

गावोगाव मात्र एकच निदान ऐकू येतं: “डिझेल गोठलं.” हे बहुधा खोटं असतं. डिझेलमध्ये मेण असतं आणि गारठ्यात त्याचे कण होऊन ते फिल्टरमध्ये अडतात, इथवर बरोबर. पण भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १४६० या मानकाप्रमाणे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातलं डिझेल ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून सुरळीत गेलं पाहिजे. उन्हाळ्यात हीच मर्यादा १८ अंश असते. टाकीतलं डिझेल बाहेरच्या हवेइतकं लगेच गारही होत नाही. खरोखर गोठण्याची गोष्ट लडाखची; तिथल्यासाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं वेगळं डिझेल काढलं. आमगाव-देवरीत गोठतं ते डिझेल नव्हे. बहुतेक वेळा लाइनमध्ये हवा शिरलेली असते, किंवा टाकीत पाणी.

याचं प्रात्यक्षिक मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका मंडईत पाहिलं. भाऊबीजेपासून झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या या पूर्व भागात, गावोगाव मंडई ही जत्रा भरते आणि मंडईच्या रात्री नाटक हवंच. कंपन्या बहुतेक शेजारच्या वडशाच्या, तिकीट लावून, रात्री दहाच्या पुढे सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारी नाटकं. हा सीझन थेट उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत जातो, म्हणजे ऐन थंडी त्यात सापडते. भाऊजींच्या गाडीत साउंडवाल्याचं सामान होतं. (याच तालुक्यात १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग वसाहत आहे. हिवाळ्यात स्वेटर विकायला ही मंडळी गावोगावी जातात. त्या रात्री माझ्या अंगात एक तरी असायला हवं होतं.) प्रेक्षक चादरी पांघरून, खाली तणस अंथरून बसलेले. तणस म्हणजे धानाचा पेंढा. तो अंगाखाली असला की माणूस तग धरतो. गाडी मात्र कापलेल्या बांधीत, दवात, रात्रभर उघडी.

नाटक आटोपलं तेव्हा ताडपत्रीवरून पाणी ठिबकत होतं. सामान चढवलं. भाऊजींनी चावी अर्धी फिरवून हिटर दिला, मनात आकडे मोजले, आणि सेल्फ मारला. घर्र... घर्र... घ. डॅशबोर्डचा दिवा लाल होऊन विझत आला. दुसऱ्यांदा त्यांनी मारला नाही. नवशिका इथेच चुकतो. चिडून सेल्फ दाबून धरतो आणि बॅटरीत उरलेलं चिमूटभर तेही घालवतो.

बॉनेट उघडलं. पहिला हात बॅटरीच्या टर्मिनलवर गेला. पांढरं-निळं फुललेलं. शेकोटीवर चहाचं पाणी उकळत होतं, त्यातलं भांडंभर आणून ओतलं. फूल वितळून गेलं, क्लॅम्प कानस मारून घट्ट केला. मग त्यांनी एक गोष्ट केली जी मी पुस्तकात वाचली नव्हती. बॅटरीला सोडून ते खाली वाकले आणि इंजिनपासून चासीला येणारी अर्थिंगची पट्टी हाताने हलवली. ती बोल्टखाली गंजून सैल झाली होती. “बॅटरी बदलून बसतात लोक,” ते म्हणाले, “आन दोष हिचा असते.” पट्टीची जागा खरवडून बोल्ट आवळला. दिवा आता पिवळाधमक.

सेल्फ या वेळी नीट फिरला, पण इंजिन पेटलं नाही, धूरही नाही. धूर नाही म्हणजे डिझेल पोचतच नाही. टाकीपासून पंपापर्यंतच्या रबरी नळ्या जुन्या झाल्या की गारठ्यात आकसतात आणि क्लिपजवळ बारीक फट राहते. तिथून डिझेल गळत नाही, म्हणून खाली थेंब दिसत नाही. उलट लाइन आत हवा ओढते आणि रात्रभरात डिझेल टाकीत परत उतरतं. फिल्टरवरचा ब्लीडिंग स्क्रू पान्याने अर्धा फेरा ढिला केला आणि हात पंप मारायला सुरुवात केली. आधी नुसती फुसफुस. मग साबणासारखा पांढरा फेस. मग फेसातून एकेक बुडबुडा. मग बुडबुडा नसलेली, स्वच्छ, सलग धार. फेस असताना स्क्रू आवळला तर सगळी मेहनत वाया, म्हणून धार सलग होईपर्यंत बोटं गारठली तरी थांबायचं नाही. स्क्रू आवळला, हिटर दिला, सेल्फ मारला. आधी पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर, मग एक सिलिंडर, मग दुसरं, मग चारही. नाटकातला एक नट, अजून तोंडाचा रंग न पुसलेला, शेकोटीपाशी टाळ्या वाजवून गेला.

अशा वेळी लोक आणखी काय काय करतात! टाकीखाली जळता टेंभा धरणारे आहेत. एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटता बोळा नेणारे आहेत. यात काही कौशल्य नाही, निव्वळ दैव आहे. नळीतून डिझेल ठिबकत असेल तर गाडी आणि डाल्यातला धान दोन्ही जातात. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं डिझेल पंपावर आणि नळ्यांवर गुंडाळलं तरी तेच काम होतं. त्याहून सोपं म्हणजे रात्री टाकी भरून ठेवायची. अर्ध्या रिकाम्या टाकीत आतल्या हवेतलं बाष्प भिंतीवर जमतं, पाणी बुडाशी बसतं आणि सकाळी पहिलं तेच फिल्टरमध्ये येतं. फिल्टरच्या बुडाला पाणी सोडायची चकती असते. हिवाळ्यात ती दर आठवड्याला फिरवावी. पण रात्री टाकी भरायला रात्री पैसे हवेत, आणि ते सकाळी बाजारात मिळणार असतात.

धक्का मारून गाडी चालू होते, हेही आता फक्त जुन्यांचंच सुख. या इंजिनात पंप यांत्रिक आहे. डिझेल उघडणारा एक सोलेनॉइड सोडला तर त्याला विजेची गरज नाही, आणि कित्येकांनी तोही काढून हाताने ओढायची केबल बसवली आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात विकली जाणारी प्रत्येक नवी गाडी बीएस ६ ची. तिच्यात कॉमन रेल, सेन्सर, धूर गाळायची जाळी; हवा कमी काळी करते, यात वाद नाही. पण ती रुसली तर आधी स्कॅनर लावावा लागतो, आणि स्कॅनर तालुक्याच्या प्रत्येक मिस्त्रीकडे नसतो. कोहमाऱ्याकडून गोंदियाला येताना मुरदोलीच्या जंगलात रात्री गाडी बंद पडली तर माणसाला स्वतः उतरून काय करता येतं, हा प्रश्न इथे कल्पनेतला नाही. याच रस्त्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये एका कारच्या धडकेने वाघ दगावला. तिथे पाना हातात घेऊन बॉनेटखाली वाकायला कोणाला आवडेल?

जुन्या पिकअपचं आणखी एक बळ म्हणजे तिचं गणगोत. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत जीप जोडायला घेतली, त्या घराण्यातल्या गाड्या आणि त्यांचे भाग पुढे किती पिढ्या एकमेकांना चालत राहिले. टाटांची ४०७ आली १९८६ ला, टाटामोबाईल १९८८ ला आणि तिच्यातून पुढे २०७. २००५ च्या मे महिन्यात एस आली आणि तिला गावाने ‘छोटा हत्ती’ केलं. या गाड्या एवढ्या खपल्या की त्यांचे भाग भंगारातही सापडतात आणि लेथवरही होतात. गोंदियात न मिळालेला भाग नागपुराहून मागवायचा. विदर्भ एक्सप्रेस किंवा दुसऱ्या कुठल्या गाडीने येणारा कोणी ओळखीचा माणूस पिशवीतून आणतो. दुकानदार विचारतो, “कंपनीचा, लोकल की जुना?” आणि गिऱ्हाईक भागाप्रमाणे उत्तर देतं. सेल्फचे कार्बन लोकल चालतात. हिटर प्लग लोकल घेतला तर एका हिवाळ्याचा पाहुणा. ब्रेकची किट लोकल घेणाऱ्याला आमगावचा मिस्त्री चक्क परत पाठवतो.

हा मिस्त्री वयाने भाऊजींपेक्षा लहान, तरी ते त्याला ‘उस्ताद’ म्हणतात. त्याचा एक नियम मला पटला. गाडी चालवण्याची कामं तो उधार करतो, गाडी थांबवण्याची रोख. क्लच, सेल्फ, सायलेंसर यांचे पैसे धानावर. ब्रेक, स्टीअरिंगचे सांधे, टायर यांचे आजच. छोट्या दुरुस्तीची खरी खोट इथेच आहे. सवयीने माणूस सगळ्याच कामांना छोटं समजू लागतो. व्हील सिलिंडरचं रबर पाझरतंय तर ब्रेक ऑइल ओतत राहायचं. कमानीचा एक पाटा तुटला तर आणखी एक जाड पाटा घालून वर दहा कट्टे जास्त लादायचे. पाटा वाढवला म्हणजे गाडीची ताकद वाढली असं वाटतं. ताकद वाढते ती फक्त पाट्यांची; चासी, धुरा आणि ब्रेक होते तेवढेच राहतात. पहाटेच्या धुक्यात, दवाने ओल्या डांबरावर, तीसच्या जागी चाळीस कट्टे घेऊन थांबायची वेळ आली की हा हिशेब कळतो. जुन्या गाडीवर माया असणाऱ्यांनी हे बोलायला संकोचू नये; तिचे अपघात तिच्या वयापेक्षा तिच्यावर घातलेल्या वजनाने अधिक होतात, असं माझं मत आहे.

सरकारचं मत कागदावर आहे. व्यापारी गाडीला पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी एकदा फिटनेस, पुढे दरवर्षी. आठ वर्षांनंतर राज्याचा पर्यावरण कर. १३ ऑगस्ट २०२१ ला वाहन मोडीत काढण्याचं राष्ट्रीय धोरण जाहीर झालं आणि एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची फिटनेसची फी चांगलीच वाढली. सरकारी गाड्यांना पंधरा वर्षांची हद्द आहे. खासगी मालकीची पिकअप फिटनेसमध्ये पास होते तोवर इथे चालते. दिल्लीत जुन्या डिझेल गाड्यांवर घातली तशी दहा वर्षांची बंदी इथे नाही. धोरणामागचं कारण खोटं नाही: २००६ ची ही गाडी जो धूर सोडते तो मंडईच्या मैदानात मी स्वतः गिळला आहे. पण गाडी मोडीत दिल्यावर नवीवर जी सवलत मिळते तिने हप्त्याची तारीख बदलत नाही. त्यामुळे फिटनेसच्या आधीचा महिना हा गावातल्या जुन्या पिकअपांचा सणाचा महिना असतो. लाइट लागतात, इंडिकेटर चालतात, मागचे रिफ्लेक्टर चिकटतात, ब्रेकला नवी किट पडते. दरवर्षीचा हा कागद नसता तर यातलं निम्मं कोणी केलं नसतं, हे भाऊजीही कबूल करतात, अर्थात फी भरून झाल्यावर.

एक बिघाड मात्र असा आहे जो झिजेने येत नाही. तो मिस्त्रीच करून देतो. रेडिएटरच्या पाण्याच्या वाटेत थर्मोस्टॅट नावाची छोटी झडप असते. इंजिन गार असेपर्यंत ती बंद राहते, म्हणजे पाणी आतल्या आत फिरून इंजिन लवकर तापावं. पुरेसं तापलं की उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जातं. विदर्भातल्या मे महिन्यात ही झडप अडकली की इंजिन उकळतं, हेड गॅस्केट जातं आणि मोठा खर्च निघतो. म्हणून इथला मिस्त्री पहिल्या उन्हाळ्यातच ती काढून फेकतो. उपाय अगदी चालतो. पण डिसेंबरात तीच गाडी दहा किलोमीटर गेली तरी गारच राहते, पांढरा धूर सोडते, डिझेल जास्त पिते आणि अर्धवट जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. मग मालक रेडिएटरसमोर पुठ्ठा बांधतो. पुठ्ठा म्हणजे झडपेचंच काम, फक्त ते हाताने करायचं आणि ऊन चढल्यावर काढायला विसरायचं. दोन ऋतूंत जवळजवळ चाळीस अंशांचा फरक असलेल्या जिल्ह्यात एका ऋतूची दुरुस्ती दुसऱ्या ऋतूचा दोष होते. झडप नवी असली आणि विहिरीच्या पाण्याऐवजी कूलंट घातलं, तर ती दोन्ही ऋतूंत चालते. अडकते ती गंजाने आणि पाण्याच्या क्षाराने. दोन्हींचा मिळून खर्च एका गॅस्केटच्या कामापेक्षा पुष्कळ कमी.

हे मी भाऊजींना सांगितलं तेव्हा त्यांनी ऐकून घेतलं, मेहुण्याचं ऐकावं तितपत. पण यंदा धान कापायच्या आधी त्यांनी नवा थर्मोस्टॅट बसवून घेतला, कूलंटही भरला. उस्तादला ते पसंत नाही. त्याने काम केलं, पण अट घातली: मार्च संपला की गाडी घेऊन यायची, तो झडप काढून ठेवणार, पुढच्या दिवाळीला परत बसवणार, दोन्ही वेळची मजुरी एकदाच घेणार. भाऊजींनी “येतो ना जी” म्हणून पैसे दिले. ते काही जाणार नाहीत.